दोन शिधापत्रिकांच्या मधे अडकलेली लेक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्यांची झाली, असे आपण वाचतो, ऐकतो, दवाखान्यांच्या दारातल्या फलकांवर पाहतो. जुलै 2023च्या शासन निर्णयाने कुटुंबाला वर्षाला मिळणारे मोफत उपचारांचे दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले, पिवळ्या-केशरी कार्डांच्या जोडीला पांढरे कार्डही आत आले आणि उत्पन्नाची अट मागे पडली. निर्णय फार चांगला आहे. पण ज्याचे नाव कोणत्याच कार्डात नाही, त्याचे काय होते, हे मला लिहायचे आहे. तो गरीब आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असते, फक्त रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या संगणकाला ठाऊक नसते. आणि असे नाव बहुतेक वेळा एखाद्या बाईचे असते, नुकतेच लग्न झालेल्या मुलीचे.

मी बीड जिल्ह्यात महसूल खात्यात नोकरी केली. कारकून म्हणून लागले, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आणि त्यातला मोठा काळ तहसीलच्या पुरवठा शाखेत काढला. नाव वाढवणे, नाव कमी करणे, कार्ड विभक्त करणे, हरवलेल्या कार्डाच्या जागी दुय्यम प्रत देणे हे माझे रोजचे काम होते. त्या खिडकीच्या आतून जे पाहिले आणि आता बाहेरून जे पाहते आहे, त्यावरून हे पत्र लिहिते आहे.

1 मे 1999 पासून राज्यात तीन रंगांची कार्डे आली. वर्षाला 15,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळे, तिथून एक लाखापर्यंत केशरी, त्याच्या वर पांढरे. लोक तेव्हा खिडकीवर येत ते गहू, तांदूळ, साखर आणि रॉकेलसाठी. आजारपणाचा विचार त्या कार्डामागे नव्हता, ना मागणाऱ्याच्या मनात, ना देणाऱ्याच्या. म्हणून सगळ्या नोंदी धान्याच्या हिशेबाने झाल्या. घरात किती युनिट, म्हणजे खाणारी माणसे, महिन्याला किती किलो. वेगळे कार्ड मागणाऱ्याला आम्ही विचारायचो, चूल वेगळी आहे का? चूल वेगळी तर कुटुंब वेगळे. धान्य वाटायला तो हिशेब अगदी बरोबर होता. सून घरात आली की युनिट वाढवायला माणसे येत, निदान ज्यांना धान्याची गरज होती ती तरी येत. लेक सासरी गेली की नाव कमी करायला मात्र कुणी आपणहून येत नसे. सासरच्यांनी ‘नाव कमी केल्याचा दाखला आणा’ म्हटले की बाप यायचा, तोही सवडीने, बाजाराच्या दिवशी.

2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आमचा जिल्हा त्या आठांत नव्हता. नोव्हेंबर 2013 मध्ये ती राज्यभर झाली तेव्हा आम्ही आत आलो. पुढे 2017 मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले आणि 1 एप्रिल 2020 पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. आमच्यासह चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही सातबाऱ्यावर तिचा लाभ मिळू लागला. या सगळ्यात एक गोष्ट घडली, तिच्याकडे कुणी नीट पाहिले नाही. जे कार्ड धान्यासाठी निघाले होते, त्याच कार्डावर हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोगाचे औषध आणि डायलिसिस ठरू लागले. आमच्या खिडकीवरची गर्दी बदलली. पूर्वी माणसे रिकाम्या पिशव्या घेऊन येत, आता प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे आणि रिपोर्ट घेऊन येऊ लागली. ‘पेशंट ॲडमिट आहे, आजच्या आज नाव चढवून द्या, मॅडम.’ हे वाक्य मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत फार ऐकले. नाव चढवण्याची रीत मात्र तीच राहिली: अर्ज, चौकशी, सही, मग संगणकावर नोंद. महिनाभर धान्य उशिरा मिळाले तर घर कसेबसे चालते. हृदयाची झडप महिनाभर थांबत नाही.

गेल्या वर्षी माझ्या शेजारच्या घरात जे घडले ते सांगते. कुणावर राग म्हणून सांगत नाही, अडचण नेमकी कुठे आहे ते कळावे म्हणून सांगते. शेजाऱ्यांची थोरली मुलगी तेवीस वर्षांची, लग्न होऊन दोन वर्षे झालेली, सासर शेजारच्या तालुक्यात. नवरा-बायको दोघेही ऊसतोडीला जातात. पहिल्या बाळंतपणानंतर तिला दम लागू लागला, रात्री उताणे झोपता येईना. सरकारी दवाखान्यात इको केला तेव्हा कळले की लहानपणीच्या सांध्यांच्या तापाने हृदयाची एक झडप आकसली आहे. फुग्याने झडप उघडावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आणि योजनेत असलेल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयाची चिठ्ठी दिली. हा उपचार फुले योजनेत बसतो. बाप आपले केशरी कार्ड घेऊन लेकीबरोबर गेला.

आरोग्यमित्राने कार्डाचा बारा अंकी क्रमांक टाकला आणि म्हणाला, ‘काका, यात तुमच्या मुलीचं नाव नाही.’

‘अहो, लेक आहे माझी.’

‘असेल. पण नाव कमी झालंय. सासरचं कार्ड आणा.’

लग्नानंतर तिचे नाव माहेरच्या कार्डातून रीतसर कमी झाले होते. दाखला घेऊन सासरा त्यांच्या तहसीलला गेलाही होता. तिथे त्याला सांगितले गेले, ‘इष्टांक शिल्लक नाही, सुटला की चढवू.’ दाखला अर्जासोबत तिथेच पडून राहिला आणि वर्ष-दीड वर्ष मुलगी कोणत्याच कुटुंबात नव्हती. आधार कार्डावर अजून माहेरचे नाव, म्हणजे मधले नाव बापाचे आणि आडनावही बापाचे. सासरच्या कार्डात ती नाही आणि माहेरच्या कार्डातून ती गेलेली. आरोग्यमित्र मुलगा भला होता. त्याने अधिवास प्रमाणपत्राचा मार्ग सांगितला, कारण शिधापत्रिका नसेल तर त्यावर लाभ घेता येतो. पण अधिवासाला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात, शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि मुलीने शाळा सोडली होती ती आईबापांबरोबर ऊसतोडीच्या कोयत्यावर असताना, कारखान्याच्या तळावर. तो दाखला कुठून काढायचा, हेच कुणाला कळेना.

इकडे डॉक्टर सांगत होते, फार थांबू नका. शेवटी जावयाने मुकादमाकडून पुढच्या हंगामाची जादा उचल घेतली, बापाने म्हैस विकली आणि पैसे भरून उपचार झाला. खर्च पाऊण लाखाच्या वर गेला. मुलगी आता बरी आहे. तिचे नाव सासरच्या कार्डात चढले, पण त्या वेळी ती दवाखान्यातून घरी येऊन बरेच दिवस झाले होते. ही योजना रोकडरहित आहे. आधी भरलेले पैसे मागाहून परत मिळण्याची सोय तिच्यात नाही. म्हणून आज ती योजनेला पात्र आहे, आणि तरी पुढचा अख्खा हंगाम ती उचल फेडण्यासाठी नवऱ्याबरोबर मोळ्या बांधणार आहे. झडप नुकतीच उघडलेल्या बाईने डोक्यावर उसाची मोळी घेऊन गाडीत चढवायची, हे मला पाहवत नाही, म्हणून मी लिहायला बसले.

आता इष्टांकाबद्दल सांगते, कारण बाहेरच्या माणसाला हा शब्द माहीत नसतो आणि सगळी गाठ तिथेच बसते. 2013च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने महाराष्ट्रात साधारण सात कोटी लोकांना स्वस्त धान्य द्यायचे ठरले, ग्रामीण भागात 76.32 टक्के आणि शहरी भागात 45.34 टक्के. तो आकडा जिल्ह्यांना आणि तालुक्यांना वाटून दिलेला आहे. त्यालाच इष्टांक म्हणतात. तालुक्याचा इष्टांक भरला की कुणी मयत झाल्याशिवाय, गाव सोडून गेल्याशिवाय किंवा अपात्र ठरल्याशिवाय नवे नाव धान्याच्या यादीत जात नाही. धान्य मोजून येते, म्हणून माणसेही मोजून घ्यावी लागतात, हे मी समजू शकते. मी स्वतः ते काम केले आहे. पण उपचाराला इष्टांक नाही! फुले योजनेत तालुक्याला इतकीच माणसे, असे कुठेही लिहिलेले नाही. तरीही दोन्ही गोष्टी एकाच कार्डात, एकाच खिडकीवर आणि एकाच नोंदीत बांधल्यामुळे धान्याची मर्यादा न सांगता उपचारालाही लागू होते. ‘इष्टांक नाही’ म्हणून परत पाठवलेला माणूस धान्याला मुकतो हे त्याला कळते, पण तो दवाखान्यालाही मुकला हे त्याला कळत नाही. ते कळते थेट ॲडमिट होताना. धान्य मिळणार नाही अशा शेऱ्यासह का होईना, नाव कुटुंबाच्या कार्डात त्याच दिवशी चढले पाहिजे. धान्याची रांग वेगळी राहू द्या, तिथे थांबायची लोकांची तयारी आहे.

गरीब कोण, याची मापे आपल्याकडे किती आहेत तेही एकदा पाहा. पिवळ्या कार्डाला 15,000 रुपये. अन्न सुरक्षेच्या प्राधान्य यादीला गावात 44,000 आणि शहरात 59,000. केशरीला एक लाख. धर्मादाय रुग्णालयांत राखीव दहा टक्के खाटांवर मोफत उपचार हवा असेल तर 1,80,000, आणि निम्म्या खर्चात हवा असेल तर 3,60,000. रोजगार हमीची मजुरी 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये होती. शंभर दिवस काम मिळाले तर एका माणसाचे 31,200 होतात, म्हणजे पिवळ्या कार्डाच्या मर्यादेच्या दुप्पट. हमीचे पूर्ण काम मिळालेला एकटा मजूर कागदोपत्री पिवळ्याच्या बाहेर जातो. 1999 मध्ये ठरलेला आकडा आज कुणाच्याही मजुरीला लागू पडत नाही, आणि म्हणूनच 2023 मध्ये रंगाची अट काढली ते योग्य झाले. त्या निर्णयामुळे किती तरी पांढऱ्या कार्डाच्या घरांना आधार मिळाला. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांची बायपास शस्त्रक्रिया त्यामुळेच झाली. त्यांच्याकडे कार्ड होते, सगळी नावे होती, आधार जोडलेले होते. शिकलेल्या घरात कागद नीट असतात. योजना सर्वांसाठी खुली झाली तेव्हा आधी आत गेले ते कागद नीट असलेले लोक. ज्यांच्यासाठी 2012 मध्ये ही योजना काढली, त्यांच्यातल्या पुष्कळांचे कागद अजून अर्धवट आहेत.

लेकी-सुनांशिवाय आणखीही माणसे या फटीत आहेत. नवऱ्याने टाकलेली बाई माहेरी राहते, तिचे नाव नवऱ्याच्या कार्डात असते आणि ते कमी झाल्याचा दाखला नवरा देऊ देत नाही. वेगळे कार्ड मागितले की ‘भावाबरोबर राहता ना, मग चूल एकच’ असे उत्तर मिळते. ऊसतोडीला गेलेल्यांचे कार्ड गावी पेटीत कुलूपबंद असते, आणि ओळख पटवण्याचा, म्हणजे ई-केवायसीचा, अंगठा द्यायला रास्तभाव दुकानावर ते सहा-सहा महिने येऊ शकत नाहीत. म्हाताऱ्यांचे तर अंगठेच उमटत नाहीत.

म्हाताऱ्यांवरून एक सांगते. ऑक्टोबर 2024च्या अखेरीस केंद्र सरकारने सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केले. त्याला ना उत्पन्नाचा दाखला लागतो, ना शिधापत्रिका. आधारवरचे वय सत्तर भरले की झाले. माझ्या आईचे कार्ड मी घरी बसून मोबाइलवर काढले. आई कोणत्या कुटुंबातली, चूल एक की दोन, नाव माझ्या कार्डात की भावाच्या, असले काहीही कुणी विचारले नाही. मला तेव्हा मनापासून बरे वाटले आणि लगेच शेजारची मुलगी आठवली. सत्तरीच्या बाईला आधारवर उपचार मिळू शकतो, तर तेविशीच्या बाईला का नाही? दोघींचे आधार एकाच यंत्रणेने दिलेले आहे, दोघी याच राज्यात राहतात, आणि 2023च्या निर्णयानंतर दोघींनाही उत्पन्नाची अट नाही. मग मधे शिधापत्रिका कशासाठी उभी आहे? कुटुंबाला मिळून पाच लाख द्यायचे असल्याने कुटुंब ओळखावे लागते, हे मला मान्य आहे. ते ओळखण्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला किंवा ग्रामपंचायतीचे पत्र घ्या आणि बाईला नवऱ्याच्या कुटुंबात धरा. उपचार सुरू करा, कार्डाची नोंद मागाहून होऊ द्या. तातडीच्या रुग्णाला फोनवरून परवानगी घेऊन दाखल करण्याची आणि कागद नंतर देण्याची रीत योजनेत आहेच. तीच रीत ‘नाव दोन कार्डांच्या मधे आहे’ एवढ्या कारणासाठी वापरायला हवी.

पुरवठा खात्याने करायची गोष्ट आणखी सोपी आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. लग्न झालेल्या मुलीचे नाव आधी कमी करायचे, दाखला तिच्या हातात द्यायचा आणि मग तिने तो घेऊन दुसऱ्या तहसीलला फिरायचे, ही रीत कागदी रजिस्टरच्या काळातली आहे. तेव्हा एका तहसीलला दुसऱ्या तहसीलचे रजिस्टर दिसत नव्हते. आता सगळी कार्डे संगणकावर एकाच प्रणालीत आहेत. मग नाव कमी करणे आणि नाव वाढवणे हे दोन अर्ज कशाला? एकच अर्ज असावा, बदलीचा. सासरच्या कार्डात नाव चढेपर्यंत माहेरच्या कार्डातून ते निघूच नये. मधल्या काळात ती आजारी पडली तर बापाच्या कार्डावर तिचा उपचार व्हावा. बँकेचे खाते एका शाखेतून दुसरीत नेताना पैसे मधल्या मधे कुठे राहत नाहीत, मग माणसाचे नाव का राहावे? माझ्या सेवेत मी हे वरिष्ठांना तोंडी अनेकदा सुचवले आणि एकदा टिप्पणीतही लिहिले होते. संगणकाचे काम मुंबईहून होते, असे उत्तर आले. ते खरेही असेल. म्हणून आता आपल्या वृत्तपत्रातून मुंबईलाच सांगते आहे, पुरवठा खात्याला आणि वरळीच्या राज्य आरोग्य हमी सोसायटीला. या दोघांनी एकत्र बसल्याशिवाय हे होणार नाही. एकाकडे नाव आहे आणि दुसऱ्याकडे उपचार.

वाचकांनाही एक विनंती. घरात या दोन-चार वर्षांत लग्न झाले असेल तर आजच कार्ड काढून पाहा. छापील कार्डावर विसंबू नका, रास्तभाव दुकानदाराकडून त्याच्या अंगठा घेणाऱ्या पॉस मशीनवर घरातली सगळी नावे दाखवून घ्या. पुष्कळदा कार्डावर हाताने लिहिलेले नाव ऑनलाइन चढलेलेच नसते, आणि रुग्णालयात ऑनलाइन असेल तेच धरतात. मुलीचे नाव कमी करायला जाल तेव्हा जावयाकडच्यांना बरोबर घ्या आणि दोन्ही अर्जांच्या पोचपावत्या जपून ठेवा. कुणी ‘इष्टांक नाही’ म्हणाले तर ‘धान्य नको, नाव चढवा’ असे लेखी द्या. योजनेतल्या रुग्णालयात कुणी पैसे मागितले किंवा दाखल करून घ्यायला नकार दिला तर 155388 हा क्रमांक फुकट लागतो. फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात. त्या आधीचा महिना हाच काय तो काळ, जेव्हा नवरा, बायको, सासू-सासरे आणि कार्ड सगळे एकाच गावात सापडतात. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा त्याच सुमाराला येते. त्या सभेत तलाठी, रास्तभाव दुकानदार आणि आशाताईंनी मिळून गावातल्या नव्या सुनांची आणि जन्मलेल्या बाळांची यादी वाचावी, नावे कुठे आहेत ते तपासावे आणि अर्ज तिथेच भरून घ्यावेत. जिल्हाधिकाऱ्यांनी एक परिपत्रक काढले तर यंदाच्या हंगामापूर्वीच हे होऊ शकते. अर्ज कसे भरायचे ते मला येते. माझ्या गावच्या सभेत मी त्या दिवशी टेबल टाकून बसायला तयार आहे, आणि आमच्या खात्यातून निवृत्त झालेल्यांपैकी पुष्कळजण आपापल्या गावी बसतील, अशी माझी खात्री आहे.

आपली,
एक निवृत्त अव्वल कारकून (पुरवठा शाखा), जि. बीड